खिडकीतून टाकलेली साखर

पंधरा मिनिटांत एका म्हाताऱ्या बाईला उठवायचं, धुवायचं, खाऊ घालायचं, गोळ्या द्यायच्या, आणि शिवाय तिचा सन्मान राखायचा. कौन्सिलनं, म्हणजे इथल्या पालिकेनं, केअर एजन्सीला ठेका दिला तो या कामाचा. हे वाक्य मी एका पत्रकात घातलं होतं. पप्पा वाचून म्हणाले, “बरोबर आहे, पण ओरडतेस फार.”

“मग काय कुजबुजू?”

आमच्या घरात मराठी टिकली ती पत्रकांवर. पप्पा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला, आणि सुट्टीच्या दिवशी बौद्ध मंडळाची पत्रकं. जयंतीचं, सभेचं, कशाच्या तरी निषेधाचं. मी लहान असताना आम्ही नागपूरहून लंडनच्या कडेला पिनरला आलो. शाळेत इंग्रजी शिकायचे आणि घरी पत्रकांच्या घड्या घालता घालता जोडाक्षरं. पुढे माझी स्वतःची पत्रकं सुरू झाली, इंग्रजीत, केअरच्या कपातीविरुद्ध. हळू बोलायला मला कुणी शिकवलंच नाही. ही हकीकतही मी हळू सांगणार नाही.

ती शेजारच्या आजी-आजोबांची आहे. तोंडावर मी त्यांना इथल्या रीतीनं आडनावानं हाक मारायचे, मनात मात्र आजी आणि आजोबाच. दोघं ज्यू. आजोबा जन्मानं इथलेच, ईस्ट लंडनमधल्या शिंप्याच्या घरातले, चष्म्याच्या काचा घासण्यात उमर गेलेली. आजी पोलंडमधल्या वॉर्साची. युद्ध संपल्यावर पोरवयात एकटी इथे आलेली. मागे कुणी उरलं नव्हतं. त्याबद्दल ती बोलायची नाही, आम्ही विचारायचो नाही. पोलिश भाषा तर तिनं इथे उतरल्यापासून तोंडात घेतली नव्हती. मग तिला स्ट्रोक आला. सगळ्यात शेवटी शिकलेली इंग्रजी सगळ्यात आधी गेली, आणि नवऱ्याशी ज्या भाषेत संसार केला ती भाषाच घरातून उठून गेली. आजोबांनी लहानपणी आईकडून ऐकलेल्या यिडिशमध्ये, युरोपातल्या ज्यूंच्या घरगुती बोलीत, बोलून बघितलं; ती नुसती बघायची.

ती खाईना. गोळ्या घेईना. चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायची. कौन्सिलनं सांगून ठेवलं होतं की वजन असंच उतरत गेलं, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या अशाच चुकत गेल्या, तर घरी ठेवता येणार नाही, नर्सिंग होममध्ये हलवावं लागेल. मुलगा ब्रिस्टलला, विमानं बनवतात तिथे इंजिनियर. त्यानं आपल्या घराजवळ एक होम बघूनही ठेवलं होतं. तिथे आजीपुरती जागा होती. आजोबांपुरती नव्हती.

“ती इथून गेली,” आजोबा मला कुंपणावरून म्हणाले, “तर सकाळी मी कुणाच्या आधी उठून केटल लावू?”

त्या माणसाला एवढंच हवं होतं. बायको घरी राहायला हवी होती.

पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला, पिनरच्या दुकानांत काकडीच्या लोणच्याच्या बरण्या दिसायला लागल्या, त्याच सुमारास एजन्सीनं एक पोलिश मुलगी पाठवली. माझ्याच वयाची, दणकट, जिभेनं माझ्याहून तिखट. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. ती वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून चादर झटकत होती आणि झटकताना काहीतरी गुणगुणत होती. आजी खाली मागच्या बागेत खुर्चीवर. मी आमच्या बाजूला कपडे वाळत घालत होते. बघते तर आजी उठून उभी. आधार न घेता. लॉनच्या मधोमध गेली, हात पाठीमागे बांधले, मान वर करून खिडकीकडे बघितलं आणि गायला लागली. आवाज फाटका, पण पट्टी पक्की. कित्येक महिन्यांत त्या तोंडातून शब्द आला नव्हता.

पोलिश मुलगी चादर हातात धरून तशीच. गाणं संपलं. तिनं टाळ्या वाजवल्या. आजी हलली नाही, तशीच वर बघत उभी राहिली. मुलीनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. आजी उभीच.

तेवढ्यात आजोबा स्वयंपाकघरातून धडपडत बाहेर आले. “काहीतरी टाक!” ते ओरडले. “तिच्याकडे काहीतरी टाक! कागदात गुंडाळून!”

“काय टाकू?”

“काहीही! बिस्किट टाक!”

बिस्किट आलं, टिश्यूत गुंडाळलेलं, गवतावर पडलं. आजीनं ते चपळाईनं उचललं, आमच्याकडे पाठ केली आणि भराभर खाऊन टाकलं. दोन दिवस पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं पोटात.

आजोबा पायरीवर बसले. त्यांनी जे सांगितलं ते आजीनं त्यांना लग्नाच्या सुरुवातीला कधीतरी, एकदाच सांगितलं होतं. तिचा बाप चौकांत गाणारा होता. वॉर्सातली जुनी घरं म्हणजे मध्ये फरसबंदी चौक आणि चारी बाजूंनी खिडक्यांच्या भिंती. बाप आणि ही सहा-सात वर्षांची पोर रोज एका चौकातून दुसऱ्या चौकात जायची. फाटकाजवळ पहारेकरी असायचा, तो हाकलून देऊ नये म्हणून पहिलं कडवं पोलिशमध्ये, तेही बऱ्याचदा त्याच्याच कौतुकाचं. मग मागच्या बाजूला सरकायचं, जिकडे ज्यू बिऱ्हाडं, आणि त्याच चालीवर यिडिश कडवं लावायचं. कुठली खिडकी उघडते ते बघायचं आणि तसे शब्द बदलायचे. खिडक्यांतून नाणी पडायची, घरंगळू नयेत म्हणून कागदात गुंडाळलेली. पोरगी एकटी गायली तर कुणी साखरेचा खडाही टाकायचं, तोही कागदातच.

“आणि हे गाणं?” मी विचारलं.

“हे आमचं गाणं आहे,” पोलिश मुलगी वरून म्हणाली. “माझ्या आईचे वडील म्हणायचे. वॉर्साच्या गल्लीतलं.”

“हे माझी आई कपडे धुताना म्हणायची,” आजोबा म्हणाले. “लंडनमध्ये. यिडिशमध्ये. तिनं वॉर्सा आयुष्यात पाहिलं नव्हतं.”

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात रोज भांडण. मी मुद्दाम चहाच्या वेळेला जायचे. पोलिश मुलगी एखाद्या गोष्टीला ‘त्सिमेस’ म्हणायची, म्हणजे एकदम फक्कड, पहिल्या नंबरची. आजोबा हसायचे. “अगं, त्सिमेस म्हणजे गाजराचा गोड पदार्थ. आई सणाला करायची.”

“गाजर? आमच्याकडे त्यात गाजर नसतं.”

“तुमच्याकडे शब्द राहिला, गाजर कुणीतरी खाल्लं!”

मग ती म्हणाली, “आमच्या गावात एक गल्ली आहे, तिला अजून ज्यू गल्ली म्हणतात. तिथे एकही ज्यू नाही. मला लहानपणी वाटायचं, नुसतं नाव आहे.”

मी पेटले. पत्रकाचा मथळासुद्धा डोक्यात तयार होता. गाणी पळवली, माणसं मारली, आणि आता पोलंडमध्ये हॉलात तिकीट लावून ‘जुनं वॉर्सा’ म्हणून ऐकतात! तसं मी तिला तोंडावर बोललेही.

“माझ्या आजोबांनी चोरलं नाही,” ती म्हणाली. “ते असल्याच एका चौकातल्या घरात राहायचे. त्यांनी ऐकलं.”

घरी येऊन पप्पांना सांगितलं तर ते माझ्यावरच उलटले. तरुणपणी ते जयंतीच्या जलशात झील धरायचे, म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या मागे उभं राहून ओळीचा शेवट उचलायचा. “आमची निम्मी गाणी सिनेमाच्या चालीवर,” ते म्हणाले. “लोक म्हणायचे, चोरलीत. सिनेमावाल्यांनी ती चाल कुठल्या तमाशाच्या फडातून नेली ते कुणी विचारत नव्हतं. चोर ठरवायची घाई झालीय तुला. त्या पोरीनं म्हातारीला खायला घातलं, ते लिही आधी.”

ते मी लिहिलं नाही, कारण एजन्सीला कळलं तर बंद पडेल, आणि ते चालू राहावं असं वाटत होतं. एक पद्धत बसली होती. सकाळी पोलिश मुलगी वर खिडकीत जायची आणि पोलिश कडव्याची पहिली ओळ तेवढी म्हणायची, फर्माईश केल्यासारखी. मग तोंड बंद. खाली आजी उरलेलं गाणं म्हणायची, पोलिश, मग यिडिश. एका कडव्यात एक हंस चोरणारा चोर होता, तो हंसालाच रस्ता विचारतो. तिथे आजोबा रोज हसायचे. मग वरून पुडी पडायची. पुडीत साखरेचा खडा आणि सकाळच्या गोळ्या. आजी पुडी उघडायची, नीट बघायची, आणि साखर, गोळ्या सगळं तोंडात. पाऊस असला की हाच कार्यक्रम जिन्यात व्हायचा, आजी खालच्या पायरीशी, मुलगी वरच्या कठड्याशी. जेवणातले पावाचे तुकडेही असेच पुडीतून जाऊ लागले, आणि वजन उतरायचं थांबलं. थोडं वाढलंही. आजोबांनी दाढी नियमित करायला सुरुवात केली.

एजन्सीची सुपरवायझर न सांगता आली ती नेमकी कोरड्या, थंड सकाळी. बाजूच्या वाटेनं तिनं मागे डोकावलं. तिला काय दिसलं? आजारी म्हातारी लॉनवर कोट घालून उभी, आणि केअरर वरच्या खिडकीतून तिच्या अंगावर काहीतरी फेकतेय. मी कुंपणापाशीच होते. बाई पांढरीफटक पडली. खरंच पडली, ढोंग नव्हतं.

“असं तुम्ही जनावराशीसुद्धा वागणार नाही!”

“त्या गातात,” पोलिश मुलगी म्हणाली. “गाणाऱ्याला असंच देतात.”

“औषध? लपवून? खिडकीतून?”

“लपवून नाही, बाई,” मी मध्ये पडले. “त्या उघडून बघतात. चमच्यातलं मात्र थुंकतात.”

“तुम्ही कोण?”

“शेजारी.”

“मग कृपा करून शेजारीच राहा.”

मुलीला त्याच दिवशी काढून दुसऱ्या भागातल्या कामांवर टाकलं. गोळ्या पाकिटातून थेट, पाण्याबरोबर, हा नियम. नियम कशासाठी झाला असेल ते मलाही कळत होतं; कुठेतरी कुणीतरी म्हाताऱ्यांना गुंगीच्या गोळ्या खिरीत घालून गप्प करत असणार. पण नियमाला डोळे नसतात, आणि सुपरवायझरला असून तिनं ते वापरले नाहीत. मुलगी राहायची ती खोलीही एजन्सीचीच. परस्पर पिनरला गेलीस तर नोकरी आणि खोली दोन्ही जातील, असं तिला सांगण्यात आलं. एकदा तिनं फोन केला. आजोबांनी फोनचा स्पीकर लावून हात उंच धरला, आणि त्यातून ती पहिली ओळ म्हणाली. आजी फोनकडे बघेचना. ती वर खिडकीकडे बघत होती, आणि खिडकीत कुणी नव्हतं.

नव्या केअरर येत गेल्या, रोज वेगळी. चमचा, मिटलेले ओठ, वहीत “नकार दिला”, बाहेर. आजोबा स्वतः वर गेले. चाल त्यांना येत होती, पोलिश शब्द येत नव्हते. ‘ला ला’ करत राहिले. आजी खाली उभी राहिली, थोडा वेळ वाट बघितली, आणि खुर्चीत जाऊन बसली.

तेव्हा आम्ही उतरलो मैदानात. मी त्या मुलीकडून फोनवर पहिली ओळ पाठ केली, देवनागरीत लिहून घेतली. रविवारी मी खिडकीत, आई-पप्पा खाली बागेत, आजोबा त्यांच्या शेजारी. मी ओळ म्हटली. आजीनं मान वर केली. आणि सुरू झाली! पहिलं कडवं झालं, ध्रुपद आलं, आणि पप्पांना राहवलं नाही. अख्खं तरुणपण झील धरलेला माणूस. गाणारी ध्रुपदावर आली की मागच्यांनी उचलायचं, नाहीतर ती एकटी पडते, अपमान होतो तिचा. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. पप्पांनी उचललं, आईनं उचललं, मी वरून उचललं. आजोबासुद्धा लागले गायला. आजी चमकून वळली. एकेकाकडे बघितलं. आणि हसली, इतकी हसली की आजोबांनी तोंड फिरवलं.

मी पुडी टाकली. तिनं उचलली. उघडली नाही. दोन्ही हातांत धरून चालत आली आणि आजोबांच्या हातात ठेवली.

“घ्या ना, आजी,” आई मराठीतच म्हणाली. “खा.”

आजीनं मान हलवली. आजोबांनी पुडी परत तिच्या हातात दिली. तिनं ती त्यांच्या कोटाच्या खिशात घातली आणि वरून थोपटली.

“काय झालं?” पप्पा म्हणाले. “काय चुकलं?”

“एकटी गायली तर साखर तिची,” आजोबा म्हणाले. “सगळे मिळून गायले, तर जे पडेल ते बापाकडे द्यायचं.”

त्यानंतर आम्ही गप्प राहून बघितलं, आई-पप्पांना घरात ठेवून बघितलं, आजोबांना आत कोंडून बघितलं. काही उपयोग नाही. तिच्या लेखी बाप परत आला होता. ती गायची, पुडी उचलायची, आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन आजोबांच्या खिशात टाकायची. खूश असायची. गोळ्या पोटात जात नव्हत्या.

मी आणि आजोबा क्रॉयडनला एजन्सीच्या ऑफिसात गेलो. दोन गाड्या बदलून, पुढे ट्राममध्ये. आई आजीजवळ बसली. आजोबांनी टाय लावला होता. काचेच्या खोलीत एक मॅनेजर. मी सगळं सांगितलं, चौक, खिडक्या, पुड्या. त्यानं मनापासून ऐकलं, हेच वाईट.

“फार हृद्य आहे हे,” तो म्हणाला.

“हृद्य नको. ती मुलगी पाठवा.”

“एका विशिष्ट देशाची केअरर मागणं आमच्या समानतेच्या धोरणात बसत नाही.”

मी आयुष्यभर समानतेच्या बाजूनं घोषणा दिल्यात. त्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकताना काय झालं ते सांगत नाही. एवढंच सांगते की आजोबांनी माझी बाही धरून मला बाहेर आणलं. ट्राममध्ये ते म्हणाले, “तू ओरडलीस ते बरं वाटलं, बाळ.”

शेवटी कौन्सिलची सोशल वर्कर आली. सुपरवायझरही होती, आजोबांनी मला बसवून घेतलं होतं. सोशल वर्कर भली बाई, दमलेली. तिनं बॅग खाली ठेवली आणि सांगितलं की वजनाचा आकडा वाईट आहे, पण अजून काही ठरलेलं नाही. “या घराबद्दल त्यांना काय वाटतं, कुठे राहायचंय, एवढं जरी त्यांनी मला कुठल्याही भाषेत सांगितलं, तरी मी जास्त तासांची मागणी करीन. मला वरिष्ठांना पाठवता येण्याजोगं काहीतरी द्या.”

ती उठून आजीसमोर उभी राहिली. तिच्या मागे खिडकी होती. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून तिनं विचारलं, “तुम्हाला इथेच राहायचंय का?”

आजीनं तिच्याकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. हात पाठीमागे बांधले आणि गायली. मी याआधी कधी न ऐकलेलं कडवं, यिडिश. त्या खोलीत ते फक्त आजोबांना कळत होतं.

“काय म्हणाल्या?” सोशल वर्करनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर आशा होती, हे मी शपथेवर सांगेन. मी टेबलाखालून आजोबांच्या पायावर पाय दाबला.

आजोबा म्हणाले, “हवालदाराच्या बायकोकडे दोन हॅट आहेत. हवालदाराकडे डोकं एकच, तेही भाड्याचं.”

कुणी हसलं नाही. सुपरवायझरनं खाली बघितलं. सोशल वर्कर म्हणाली, “आणखी काही?”

“नाही. एवढंच आहे ते.”

त्या दोघी गेल्यावर मी आजोबांवर तुटून पडले. “दोन शब्द बोलायचे होते! ‘घरी राहायचंय.’ झालं! कुणाला यिडिश येत होतं तिथे? मला? त्या सुपरवायझरला? कुणाला येत होतं?”

“तिला येत होतं,” आजोबा आजीकडे बघत म्हणाले. “ती समोर होती.”

मला अजून राग आहे. त्यांचं चूक होतं असं मी आजही म्हणीन, आणि त्या जागी मी असते तर बेधडक खोटं बोलले असते, पुन्हा पुन्हा.

पंधरवड्यात मुलगा गाडी घेऊन आला आणि आजीला ब्रिस्टलला घेऊन गेला. आजोबा दर आठवड्याला ट्रेननं जायचे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. परतले की मी कुंपणाशी जायचे.

“गायल्या का?”

“नाही. खिडक्या तिथे हातभरसुद्धा उघडत नाहीत. कुणी पडू नये म्हणून.” ते किल्ली शोधत होते. “माणसं चांगली आहेत. रेडिओ लावून ठेवतात तिच्यासाठी.”

“आणि गोळ्या?”

“घेते. सगळ्या घेते.” किल्ली सापडली, पण त्यांनी दार उघडलं नाही. “डॉक्टरांची सही घेतलीय. चुरून जॅममध्ये मिसळतात. तिला कळतही नाही.”